घरातल्या सागरचित्राचा चित्रकार कसा शोधावा

नागपूरपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे, तरी इथल्या जुन्या घरांच्या बैठकीत तो बऱ्याचदा भेटतो. धंतोलीतल्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या बंगल्यात पाऊल टाकावे आणि समोरच्या भिंतीवर काळपट पडलेली फ्रेम, तिच्यात खडकावर फुटणारी लाट आणि शीड उभारलेले गलबत दिसावे, हे मी इतक्यांदा अनुभवले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली, मुंबईला जाणेयेणे सोपे झाले आणि मुंबईहून येणाऱ्या सामानात चित्रेही येऊ लागली. त्यांतली काही नामवंतांची असतील. पण पुष्कळशी अशा चित्रकारांची असतात, ज्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये किंवा तिथे शिकलेल्या एखाद्या गुरूजवळ धडे घेतले, पुढे कोकणातल्या किंवा आणखी कुठल्या गावी ड्रॉइंग मास्तर म्हणून आयुष्य काढले आणि सुटीच्या दिवशी बंदरावर बसून समुद्र रंगवला. कलेच्या इतिहासात त्यांना ओळभरही जागा मिळालेली नसते.

अशा चित्राचा कर्ता शोधताना दोन चुका होतात. पहिली सर्वांना माहीत आहे, ती म्हणजे लहान चित्रकाराच्या चित्राला मोठे नाव चिकटवणे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यासारख्या नावाजलेल्या चित्रकारालाही ती भोवली. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे सुप्रसिद्ध जलरंगचित्र, म्हणजे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ‘ग्लो ऑफ होप’, आजही असंख्य लोक राजा रविवर्म्यांचे समजतात. वास्तविक रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे चित्र चाळीसच्या दशकातले आहे. दुसरी चूक तितकी बोलली जात नाही. एखाद्या भागात समुद्र रंगवणारा एकच चित्रकार थोडाफार ठाऊक असतो आणि मग त्या भागातून आलेले प्रत्येक बिनसहीचे सागरचित्र त्याच्याच नावावर जमा होत जाते. माझ्या मते ही चूक अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे त्या बिचाऱ्याचा खरा हात कोणता, हेच पुढे कोणाला कळेनासे होते. म्हणून या कामात मी एक क्रम पाळते: आधी वस्तू, मग दृश्य, मग सही, मग हात, मग कागदपत्रे आणि नाव सर्वांत शेवटी.

पुढे जे सांगणार आहे, ते माझ्या मावशीच्या घरून आलेल्या एका चित्राच्या आधाराने सांगते. ते साधारण चौदा बाय वीस इंचांचे तैलरंगातले चित्र आहे. त्यात मुंबई बंदर, एक आगबोट आणि पुढच्या बाजूला दोन देशी गलबते आहेत. उजव्या कोपऱ्यात खाली रोमन लिपीतली सही असून तिची फक्त शेवटची तीन अक्षरे वाचता येतात, के, ए आणि आर. घरात सगळे ते ‘हळदणकरांचे’ म्हणत.

मागची बाजू

चित्र हाती आले की पुसण्याचा मोह आवरावा. कच्चा बटाटा किंवा कांदा चोळून चित्र उजळते, असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांचे ऐकू नये. ओलावा रंगाच्या तड्यांतून आत शिरतो आणि मागे राहिलेल्या अंशावर बुरशी धरते. नागपुरात याहूनही मोठा धोका कूलरचा आहे. एप्रिलपासून जूनपर्यंत कूलरची ओली हवा थेट अंगावर घेणाऱ्या भिंतीवर कॅनव्हास टांगला, की तो दिवसा फुगतो, कूलर बंद झाला की आक्रसतो आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. तपासणीचे काम शक्यतो हिवाळ्यात, कोरड्या हवेत करावे.

चित्र मऊ चादरीवर पालथे ठेवावे आणि समोरच्या बाजूला द्याल त्याच्या दुप्पट वेळ मागच्या बाजूला द्यावा. कॅनव्हासवर रंगसाहित्याच्या दुकानाचा शिक्का आहे का, लाकडी चौकट खिळ्यांनी ठोकलेली आहे की पिनांनी, प्रदर्शनाची चिठ्ठी आहे का, कोणाच्या हस्ताक्षरात काही लिहिले आहे का, हे सर्व पाहून त्याचे फोटो काढावेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ मध्ये स्थापन झाली. प्रदर्शनाला गेलेल्या चित्रामागे क्रमांक, शीर्षक आणि किंमत लिहिलेला चिठोरा राहिलेला असू शकतो आणि असा एक चिठोरा दहा तज्ज्ञांच्या मतांपेक्षा मोलाचा ठरतो. आपल्याकडे लग्नात चित्रे भेट देण्याची पद्धत होती, त्यामुळे ‘सप्रेम भेट’ आणि तारीख असा मजकूरही आढळतो. तारीख भेटीची असते, चित्राची नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. चित्र त्या दिवसापूर्वी कधीतरी पूर्ण झाले होते, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

मावशीच्या चित्राबाबत इथेच घात झाला. काही वर्षांपूर्वी फ्रेम बदलायला दिली, तेव्हा कारागिराने मागची जुनी फळी वाळवी लागलेली म्हणून फेकून दिली आणि नवा हार्डबोर्ड ठोकून वर तपकिरी कागद चिकटवला. फळीवर ‘काहीतरी निळ्या शाईत लिहिले होते’, एवढेच मावशीला आठवते. ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनाला लागून राहिले आहे. म्हणून कळकळीने सांगते की फ्रेमवाल्याकडे चित्र देताना मागचा एकही तुकडा टाकायचा नाही, सगळे पिशवीत घालून परत द्यायचे, असे लिहून द्यावे आणि शक्य असेल तर समोर उभे राहून काम करून घ्यावे.

दृश्यातली तारीख

सागरचित्राचे एक मोठे सुख असे की बोटी, निशाणे आणि किनाऱ्यावरच्या इमारती स्वतःच आपला काळ सांगतात. व्यक्तिचित्रातल्या शालू-पागोट्यावरून इतक्या नेमकेपणाने काळ सांगता येत नाही.

मावशीच्या चित्रात किनाऱ्यावर ताजमहाल हॉटेलचा घुमट स्पष्ट आहे. हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झाले, म्हणजे चित्र त्या सुमाराच्या आधीचे असू शकत नाही. त्याच ओळीत गेटवे ऑफ इंडिया दिसत नाही. गेटवेचे उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झाले. तेव्हा चित्र १९०३ आणि १९२४ यांच्या दरम्यानचे, असे म्हणून मी पहिल्या दिवशी हुरळून गेले होते. पण या दोन पुराव्यांचे वजन सारखे नाही. घुमट आहे, याचा अर्थ चित्रकाराने तो किंवा त्याचे चित्र पाहिले होते, यात शंका नाही. गेटवे नाही, याला मात्र अनेक कारणे संभवतात: त्याने जुन्या फोटोवरून रंगवले असेल, गेटवे आगबोटीच्या आड गेला असेल किंवा रचनेत नको म्हणून त्यानेच गाळला असेल. जे दिसते ते साक्ष देते, जे दिसत नाही ते फक्त शंका उत्पन्न करते. काळाची खालची मर्यादा ठामपणे लिहावी आणि वरची मर्यादा पेन्सिलीने.

आगबोटीचे धुराडे जवळून पाहावे, कारण प्रत्येक कंपनीचे रंग ठरलेले असत. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे असतील, तर ती बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची समजावी. निशाणही तितकेच बोलके असते. १८६४ पूर्वी ब्रिटिश आरमाराची लाल, पांढरी आणि निळी अशी तीन निशाणे होती. त्या वर्षी पांढरे आरमाराला आणि लाल व्यापारी जहाजांना देण्यात आले. तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. जहाजाच्या कुशीवर भाराची खूण, म्हणजे वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ दिसली, तर ब्रिटिश जहाजांना ती बंधनकारक करणारा कायदा १८७६ चा आहे, हे आठवावे.

आपल्या किनाऱ्यावरची गलबते ओळखायला आम्हा विदर्भातल्या माणसांना थोडी मेहनत पडते. समुद्र आम्ही सुटीतच पाहिलेला असतो. फत्तेमारीची डोलकाठी पुढे, नाळेच्या बाजूला झुकलेली असते आणि शीड तिरक्या काठीला बांधलेले असते. ज्याने बंदरावर बसून चित्र काढले, त्याच्या चित्रात तो झुकाव येतो; ज्याने विलायती छापील चित्र समोर ठेवून समुद्र शिकला, त्याची डोलकाठी नकळत ताठ होते किंवा मागे कलते. वाराही तपासावा. आगबोटीचा धूर एकीकडे आणि तिच्याच निशाणाचे टोक दुसरीकडे, असे असेल तर चित्रकाराने ती बोट चालताना पाहिलेली नाही, असे मानायला हरकत नाही. ओहोटीही उपयोगी पडते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते, चेन्नईच्या बाजूला मात्र सुमारे मीटरभरच. चिखलात एका कुशीवर कललेले मचवे आणि मागे दूरवर गेलेले पाणी दिसले, तर ‘मद्रासचा समुद्र’ ही घरची समजूत तपासून पाहावी. शिवाय जुन्या रिवाजाप्रमाणे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात घालत, हे ज्याला माहीत होते तो आषाढाच्या आभाळाखाली शिडांचा तांडा सहसा रंगवणार नाही.

सही

सहीला मी मुद्दाम इतक्या उशिरा हात घालते. ती आधी वाचली की डोळे पुढे तेच शोधत राहतात.

सोनार वापरतात ते दहापट भिंग नागपूरच्या इतवारी बाजारात सहज मिळते. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि भिंगातून सहीवरून नजर फिरवावी. जुन्या तैलरंगाला बारीक तडे गेलेले असतात. सही चित्राबरोबरच झाली असेल, तर तडा सहीच्या अक्षरालाही चिरत जातो आणि अक्षराच्या दोन्ही काठांत स्वच्छ फट दिसते. सही नंतर कोणी घातली असेल, तर तिचा रंग आधीच पडलेल्या तड्यात उतरलेला असतो आणि फटीच्या तळाशी त्या रंगाचा बारीक धागा दिसतो. मावशीच्या चित्रात ‘के’च्या उभ्या दांडीला तड्याने मधोमध कापले आहे, पण ‘आर’च्या शेपटीचा तपकिरी रंग शेजारच्या तड्यात ओघळला आहे. म्हणजे मूळ सही खरी असावी, पण पुसट झाल्यावर कोणीतरी तिच्यावरून पुन्हा हात फिरवला. हा फसवणुकीचा प्रकार असेलच असे नाही. घरातल्या एखाद्या उत्साही माणसाने केलेली ‘दुरुस्ती’ही असू शकते. तरी त्या अक्षरांवर भिस्त ठेवता येत नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही उपयोगाचा आहे. तो डोळ्यांवर मात्र रोखू नये. जुने राळेचे व्हार्निश त्याच्या प्रकाशात हिरवट धूसर चमकते आणि त्यावर नंतर चढवलेला रंग काळ्या डागासारखा उठून दिसतो. कागद साधारण १९५० नंतरचा असेल, तर त्यातल्या शुभ्रता आणणाऱ्या रसायनामुळे तो निळसर पांढरा लखलखू शकतो. जलरंगातल्या सागरचित्राच्या बाबतीत ही चाचणी फार कामाची आहे: सही १९२० सालची आणि कागद असा लखलखणारा, तर तो विषय तिथेच संपतो. कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असे उलट अनुमान मात्र काढू नये. व्हॉटमन या इंग्रजी बनावटीच्या कागदावर उजेडासमोर धरल्यास जलचिन्ह आणि कधी वर्षही दिसते.

आता आडनावाकडे वळू. ‘कर’ या शेवटावरून मराठी माणसाने काय ओळखावे? हळदणकर, परांडेकर, तासकर हे तिघेही त्या काळचे माहितीतले चित्रकार, आणि माहितीत नसलेले किती असतील याची गणतीच नाही. म्हणून आद्याक्षरांना जपावे. आपल्या नावांच्या रीतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, त्यामुळे मधले अक्षर बापाचे आणि पहिले स्वतःचे असते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची आद्याक्षरे एस. एल., आणि त्यांचे चित्रकार चिरंजीव गजानन सावळाराम यांची जी. एस. असा आद्याक्षरांचा फरक आख्खी पिढी बदलतो. महादेव विश्वनाथ धुरंधर यांची कन्या अंबिकाही चित्रकार होती, तेव्हा नुसते ‘धुरंधर’ वाचून वडिलांवर थांबू नये. विवाहानंतर नाव बदललेल्या चित्रकार स्त्रियांचा शोध तर दोन नावांनी घ्यावा लागतो. रोमन लिपीतले स्पेलिंगही एकच माणूस वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे करतो. त्यावरून सही खोटी ठरवण्याची घाई करू नये.

बाप-लेकांचा हा गुंता आपल्याकडचाच नाही. हॉलंडचे सागरचित्रकार विलेम व्हान द वेल्दे वडील आणि मुलगा एकाच नावाचे होते. दोघे १६७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडला गेले आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने वडिलांना आरमारी लढायांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला ती रंगात उतरवण्यासाठी प्रत्येकी शंभर पौंड सालाना बांधून दिले. वडिलांनी रेखाटलेले आणि मुलाने रंगवलेले चित्र कोणाचे म्हणायचे?

हात ओळखणे

इटालियन अभ्यासक जोव्हान्नी मोरेल्ली यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की चित्रकाराची ओळख भव्य रचनेत नसते, तर कानाची पाळी किंवा नख यांसारख्या, तो विचार न करता रंगवतो अशा तपशिलांत असते. सागरचित्रात कानांच्या जागी लाटेचा फेस येतो. फेस जाड पांढऱ्या रंगाचा थर देऊन केला आहे की कोरड्या कुंचल्याने खरवडून, दोरखंडांच्या रेघा एका दमात ओढल्या आहेत की थांबत थांबत, बोटीतली माणसे तीन ठिपक्यांत उरकली आहेत की डोक्यावरचे रुमाल वेगळे दिसतात, पाण्यातले प्रतिबिंब डोलकाठीच्या सरळ खाली आहे की नागमोडी, हे सर्व कागदावर लिहून काढावे.

तुलनेसाठी त्या चित्रकाराची किमान तीन चित्रे लागतात, ज्यांच्याबद्दल दुसऱ्या मार्गाने खात्री झालेली आहे. ती मिळाली नाहीत, तर तुलना थांबवावी. अल्पपरिचित चित्रकाराच्या बाबतीत मोह असा होतो, की एका संशयित चित्राच्या आधारे दुसरे, दुसऱ्याच्या आधारे तिसरे ओळखायचे, आणि दहा चित्रे झाली की त्या ढिगालाच पुरावा मानायचे. पाया एकाच चित्राचा असेल, तर वर कितीही मजले चढवले तरी तो एकाच चित्राचा राहतो. रंगद्रव्यांची चाचणी मात्र प्रयोगशाळेतच होते. थॅलो निळा रंग १९३५ पासूनच बाजारात आला, त्यामुळे तो मूळ रंगात निघाला तर १९१० सालचा दावा कोसळतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

कागद आणि माणसे

घरातल्या वयस्क माणसांशी बोलताना ‘हे चित्र कोणाचे?’ असे विचारू नये. ठरलेले नाव ऐकायला मिळते. ‘आजी, हे चित्र पहिल्यांदा कुठल्या भिंतीवर होते?’ असे विचारावे. भिंत आठवली की घर आठवते, घर आठवले की साल निघते, आणि मग चित्र आणले कोणी, हेही पुढे येते. मावशीने अशाच प्रश्नावर सांगितले, की तिच्या सासऱ्यांनी ते गिरगावातल्या एका बिऱ्हाडाकडून घेतले होते. हळदणकरांचे नाव मात्र घरात पुष्कळ नंतर, एका पाहुण्याच्या बोलण्यातून आले. हे सर्व त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवावे.

छापील पुराव्यासाठी जुनी मासिके चाळावी लागतात. ‘मनोरंजन’, ‘किर्लोस्कर’, ‘रत्नाकर’ यांच्या अंकांत चित्रे छापली जात आणि खाली चित्रकाराचे नाव असे. नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या आणि राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयाच्या जुन्या संग्रहांपासून सुरुवात करावी. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या जुन्या प्राध्यापकांना फोटो दाखवून विचारावे. मूळ चित्र कोणाकडेही ठेवून येऊ नये. शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी पाठवता येत नाही, हेही परगावच्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकावे.

नाव लिहिताना

शेवटी नावाच्या शब्दांना वेगवेगळे वजन असते. ‘अमुक यांचे’ म्हणजे खात्री. ‘अमुक यांचे असावे’ म्हणजे पुरावा बऱ्यापैकी आहे, पण कडी तुटते. ‘अमुक यांच्या चित्रशाळेतील’ म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली दुसऱ्याने केलेले. ‘अमुक यांच्या शैलीतील’ म्हणजे संबंध सिद्ध नाही, केवळ साम्य आहे. ‘अमुक यांच्या चित्रावरून’ म्हणजे नक्कल. ‘सही असलेले’ आणि ‘सही केलेले’ यांतही अंतर आहे: पहिल्यात सही कोणी केली, याची हमी नसते. विकणारा गाळतो ते बहुधा हेच शब्द, म्हणून घेणाऱ्याने ते लेखी मागावेत.

मावशीच्या चित्रामागे मी आता तपकिरी कागद काढून आम्लरहित कागदाचा एक लिफाफा जोडला आहे. त्यात फोटो, मावशीचे निवेदन आणि पुढील टिपण आहे: “मुंबई बंदर. तैलरंग, कॅनव्हास. मुंबईत शिकलेला चित्रकार असावा, नाव अनिश्चित. १९०३ च्या सुमारानंतरचे. सहीचा शेवट के, ए, आर, नंतर गिरवलेली. घरात हळदणकरांचे मानले जात असे. त्याला आधार मिळालेला नाही. मूळ पाठफळी नष्ट. तीवर निळ्या शाईत मजकूर होता.”